पायमोजे काढून बघा

पडून असलेल्या माणसासाठी केअर सेंटर शोधायला निघालेले नातेवाईक आधी फरशी बघतात. मग बाग, देवघर, टीव्हीचा हॉल आणि भिंतीवरचे वाढदिवसांचे फोटो. मालकही हे सगळं हौसेनं दाखवतात. पण ज्याला स्वतःहून कूससुद्धा बदलता येत नाही, त्याला बागेचा उपयोग काय? त्याचं जग म्हणजे गादी, डायपर, पाण्याचा पेला आणि रात्रपाळीची मावशी. बघायचं ते एवढंच, आणि नेमकं तेच कुणी दाखवत नाही.

माझी आत्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही, निवृत्तीनंतरही एकटी आणि झोकात राहिली. मग खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण आधी अधूनमधून जाणवणारा विसराळूपणा त्यानंतर झपाट्यानं वाढला. नर्सिंग ब्यूरोकडून येणाऱ्या बायका घरी टिकेनात. शेवटी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका बंगल्यात चालणारं केंद्र ठरवलं. महिना तीस हजारांच्या आसपास, डिपॉझिट वेगळं, डायपर आणि हातमोजे आपले. मालक डॉक्टर नव्हते, पण बोलायला गोड होते.

ऑक्टोबरचा उकाडा होता. पंखा फुल, तरी आत्याच्या पायांत जाड मोजे. ‘‘आजींना गार वाटतं ना,’’ ड्यूटीवरची मुलगी म्हणाली. आत्यानं महाबळेश्वरलाही कधी मोजे घातले नव्हते. मी ते काढले. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळपट जांभळा डाग होता आणि त्याच्या कडेनं पाणी धरलेला फोड. कॉटच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता लटकत होता: दर दोन तासांनी एक रकाना, रकान्यात सही. मी गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सह्या दुपारी दोनपर्यंतच्या झाल्या होत्या.

मला राग आला तो त्या मुलीचा. पण रात्रपाळीच्या मावशीशी बोलले तेव्हा कळलं की राग चुकीच्या पत्त्यावर चालला होता. ‘‘ताई, रात्री आम्ही दोघीच. पडून असलेले पंधरा. तुम्हीच सांगा, कसं करायचं?’’ हे गणित आत्यानं पाचवीच्या वर्गाला घातलं असतं. एका पेशंटला वळवायचं, डायपर बघायचा, चादर ताणायची, उशा लावायच्या. दोघींना मिळून दहा मिनिटं तरी लागतात. पंधरा पेशंट म्हणजे दीडशे मिनिटं, अडीच तास. आणि फेरी दर दोन तासांनी व्हायला हवी! म्हणजे दोघींनी रात्रभर पाठ टेकली नाही, कुणाला उलटी झाली नाही, कुणी कॉटवरून उतरायचा प्रयत्न केला नाही, तरी तक्ता खरा भरताच येत नाही. तो खोटाच भरावा लागणार होता, आणि ते मालकाला माणसं नेमतानाच ठाऊक असणार.

म्हणून आता कुणी मला विचारलं की जागा कशी बघायची, तर मी पहिला प्रश्न हाच सांगते: रात्री दहानंतर किती माणसं जागी असतात, आणि पडून असलेले किती? ‘चोवीस तास स्टाफ’ हे उत्तर नव्हे. आकडा मागा, आणि गणित तिथेच मनात करा. त्यानंतर मालकाला बाजूला ठेवून मावशींशी बोला. किती दिवस झाले इथे? सुट्टी मिळते का? झोपता कुठे? आम्ही होतो तिथे मावश्या मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या, तिथेच राहणाऱ्या, दोन कॉटच्या मधल्या फरशीवर सतरंजी टाकून झोपणाऱ्या. महिना-दोन महिन्यांत कंटाळून निघून जायच्या. नवी येणारी बाई कुणाला कुठल्या कुशीवर दुखतं, कोण गोळी गालात लपवतं, यातलं काही जाणत नसते. मावश्या टिकत नाहीत तिथे पेशंटचे हाल ठरलेले, फरशी कितीही चकचकीत असो.

आता अंगावर काय बघायचं ते. प्रेशर सोअर, म्हणजे आपण ज्याला बेडसोअर म्हणतो, तो हाडाच्या उंचवट्यावर होतो: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लाली दिसली की बोटानं दाबून सोडा. दाबल्यावर फिकी होऊन पुन्हा लाल झाली तर वेळ गेलेली नाही. फिकी होतच नसेल, तर आतलं मांस दुखावायला सुरुवात झाली आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, म्हणून हात लावून बघा. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते. ‘एअर बेड दिलाय’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. फुगत-बसणारी गादी दाब कमी करते, कूस बदलायचं काम तिला जमत नाही. टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह बांधणं किंवा मधे भोक असलेली रिंग ठेवणं आपल्याकडे अजून सर्रास चालतं. दाब तिथून कडेला सरकतो, इतकंच. टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी हवी. आणि लाल झालेल्या जागी स्पिरिट-पावडर लावून खसाखसा चोळत असतील तर हात धरा. तिथे चोळण्यानं नुकसान वाढतं.

नळीवर असलेला पेशंट असेल तर जेवणाच्या वेळी जाऊन उभे राहा. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, फीड देताना डोक्याकडची बाजू चांगली उंच, तीस ते पंचेचाळीस अंशांत हवी, आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच. घाईत आडव्या माणसाला फीड दिलं की ते छातीत उतरून न्युमोनिया होऊ शकतो. तोंडानं जेवणाऱ्यांना कसं भरवतात तेही बघा: मावशी समोर बसून भरवते की उभ्यानं चमचे कोंबते? एक घास गिळल्यावरच दुसरा देते का? युरिनची पिशवी कॉटच्या दांडीला, मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली हवी, फरशीवर लोळणारी नको. पिशवीतलं पाणी गडद चहासारखं असेल तर दिवसभरात किती पाणी दिलं ते विचारा. खोलीभर वास येत असेल, तर फिनेलच्या वासाखाली दुसरा कसला आहे तेही जरा नाकानं शोधा.

एक गोष्ट मात्र अंगावर दिसत नाही: गुंगी आणणारी गोळी. ‘आल्या तेव्हा फार त्रास द्यायच्या, आता अगदी शांत आहेत’ हे वाक्य मी दोन निरनिराळ्या ठिकाणी ऐकलं. एका ठिकाणच्या आजोबांची मान दुपारी चार वाजता छातीवर पडलेली होती आणि लाळ गळत होती. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना तीव्र मनोविकारावरची (अँटिसायकॉटिक) औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2005 साली त्यातल्या नव्या पिढीच्या औषधांवर आणि 2008 साली जुन्यांवरही छापायला लावला. ती कधीच देऊ नयेत असं नाही. डॉक्टर तपासून, कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी देतात. पण ती कुणी लिहून दिली, केव्हा, आणि पुन्हा कधी तपासणार, हे चिठ्ठीवर दिसलं पाहिजे. रात्रपाळीची माणसं कमी असली की ही गोळी फार सोयीची पडते, हे विसरू नका.

पांढरा-निळा गणवेश घातलेली प्रत्येक मुलगी ‘सिस्टर’ असते, पण नर्स असतेच असं नाही. एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि तो केलेल्यांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. निदान एवढं तरी विचारा की इन्सुलिन कोण देतं, कॅथेटर कोण बदलतं, आणि ती व्यक्ती रात्री असते का.

कागदपत्रांचं थोडक्यात. आजारी किंवा अपंग माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या जागेला आपल्या राज्यात 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. एका केंद्रात मी ती मागितली तर शॉप ॲक्टचं लायसन्स दाखवलं, तेही फ्रेम करून! ‘आम्ही वृद्धाश्रम आहोत, हॉस्पिटल नाही’ असं कुणी म्हणालं, तर मग नळ्या आणि इंजेक्शनं कशाच्या आधारावर चालतात ते विचारा. तक्रार आधी लेखी, तारीख घालून, मालकाला द्या, फोटो ठेवा. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे. आणि नात्यात खर्चावरून ओढाताण असेल तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा वाचून ठेवा. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारशानं येणार आहे, त्याच्यावर तो सांभाळाची जबाबदारी टाकतो. आत्याच्या फ्लॅटवर डोळा ठेवून असलेल्या आमच्यातल्या काही मंडळींना हे कलम वाचून दाखवल्यावर दरमहाच्या वर्गणीला शिस्त आली.

आत्याला आम्ही तिथून हलवलं. दुसरी जागा दिसायला यथातथाच: पत्र्याची शेड, बाग नाही, भिंतीचा रंग उडालेला. पण रात्री पडून असलेल्या सहा जणांमागे दोघी जाग्या. मी न सांगता रात्री साडेनऊला गेले, तर दार लगेच उघडलं. वयस्क मावशी आत्याच्या पोटरीखाली उशी सरकवत म्हणाली, ‘‘बाई, बावीस सक्कं किती?’’ आणि आत्यानं डोळे मिटल्या मिटल्या उत्तर दिलं. अर्थात तिथेही सगळं आलबेल नव्हतं. कपड्यांची सारखी अदलाबदल व्हायची, एकदा कवळीच दुसऱ्या आजींच्या वाटीत सापडली, आणि भाजीला मीठ नेहमीच जास्त. कपड्यांवर नाव शिवून देणं आणि कवळीच्या डबीवर मार्करनं लिहिणं एवढ्यावर ते भागलं. टाच भरून यायला मात्र पावसाळा उजाडला.

जाण्याच्या वेळा ठरवून जाऊ नका. रविवारी दुपारी सगळीकडेच सगळं छान असतं. पाळी बदलते ती सकाळ-संध्याकाळची आठाची वेळ आणि जेवणानंतरची रात्र बघा. भेटीला फक्त ठरावीक तास आणि तेही आधी फोन करून, असा नियम असेल तर तिथे ठेवू नये, या मताची मी आहे. करारावर सही करण्याआधी डिपॉझिट केव्हा परत मिळणार, तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, अँब्युलन्ससोबत कोण जाणार, हे लिहून घ्या. आणि रात्री मृत्यू झाला तर डॉक्टर येऊन दाखला देणार का, हेही विचारा. हा प्रश्न सगळ्यांनाच जड जातो, पण दाखल्याशिवाय स्मशानात अडून बसावं लागतं, तेव्हा तो आधीच विचारलेला बरा. एका मालकांनी मला यावर हसून सांगितलं, ‘‘आमच्याकडे असं काही होत नाही हो ताई.’’ तिथून मी समोर आलेला चहाही न घेता उठले.