एका डोंगराच्या दोन बाजू

न्यूझीलंड हा देश दक्षिण गोलार्धात आहे. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा तिथे उन्हाळा असतो. माझे मामा नोकरीनिमित्त तिथल्या ऑकलंड शहरात राहतात. २०२४ च्या जानेवारीत मामा, मामी आणि माझ्या दोन मामेबहिणी तिथल्या दक्षिण बेटावर दहा दिवस मोटारीने फिरले. त्या दिवाळीला ते गावी आले, तेव्हा त्यांनी फोटो दाखवून जे सांगितले ते मी वहीत उतरून घेतले. शेजारी नकाशा लावला आहे. तो पाहत पाहत वाचावे.

दक्षिण बेटाच्या लांबीने सदर्न आल्प्स नावाची पर्वतरांग उभी आहे. त्यातले आओराकी ऊर्फ माउंट कुक हे शिखर ३७२४ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! पश्चिमेच्या समुद्रावरून येणारे ओले वारे या डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळे पाणी तिथेच ओतून मोकळे होतात. पलीकडे जाईपर्यंत ते कोरडे पडतात.

काही आठवले का? आपला सह्याद्री हेच करतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवर आपल्या माण तालुक्यात पाचशेच्या आगेमागे. तिकडे फ्रान्झ जोसेफ गावी सुमारे ५००० मिलिमीटर, तर डोंगरापलीकडच्या अलेक्झांड्रा गावी साडेतीनशेच्या आसपास. आजी म्हणाली, "म्हणजे तिथं बी माण हायच की!"

मामा ख्राइस्टचर्चहून निघाले आणि आर्थर्स पास हा घाट चढून पश्चिमेला उतरले. घाटात किआ नावाचे डोंगरी पोपट भेटले. हिरव्या रंगाचे, पंखाखाली नारिंगी, आणि भलतेच धीट. उभ्या गाडीचे रबर चोचीने ओढून काढतात! मामींनी हाकलले तरी हलेनात.

पुढे समुद्राकाठाने दक्षिणेकडे गेले की फ्रान्झ जोसेफ हिमनदी लागते. हिमनदी म्हणजे नुसता बर्फाचा ढीग नव्हे बरं का. वर डोंगरावर हिम पडते, थरावर थर साचतात, वजनाने दबून त्याचा टणक बर्फ होतो आणि तो उतारावरून हळूहळू खाली सरकतो. म्हणून ती नदी. इथे हिम इतके पडते की बर्फ थेट दाट हिरव्या जंगलाच्या उंचीपर्यंत उतरत असे. तिथले मूळ रहिवासी माओरी लोक या बर्फाला हिने हुकातेरे या मुलीचे गोठलेले अश्रू म्हणतात. तिचा प्रियकर हिमकडा कोसळून मेला होता, अशी गोष्ट आहे.

आता ही हिमनदी आखडली आहे. १९८३ नंतर ती बरीच वर्षे पुढे सरकत होती, पण २००८ नंतर झपाट्याने मागे हटली. पूर्वी लोक दरीतून चालत जाऊन बर्फावर पाय ठेवत. २०१२ पासून ते बंद झाले. आता बर्फावर जायचे तर हेलिकॉप्टर लागते. मामांनी लांबूनच पाहिली. अण्णांनी विचारले, "एवढा पाऊस पडतो, तर बर्फ कमी कसा झाला?" मामा म्हणाले, "दाजी, पाणी भरपूर आहे, पण हवा तापलीय. वर साचतं त्यापेक्षा खाली जास्त वितळतं." अण्णा बराच वेळ गप्प बसले.

हास्ट खिंड ओलांडली की देखावाच बदलतो. जंगल संपते, पिवळे बोडके डोंगर दिसू लागतात. फोटो पाहून मला आपल्याच माळाचा वाटला. पण तिथे जर्दाळू आणि चेरीच्या बागा आहेत! त्यांना पाणी मिळते ते डोंगरातून येणाऱ्या नद्यांचे. आपल्याकडेही उरमोडीचे पाणी पंपाने उचलून माणकडे आणले आहे, तसेच म्हणा.

शेवटी पूर्व किनारा. मोएराकीच्या वाळूत मोठमोठे गोल दगड पडलेले आहेत, काही तर दोन मीटर रुंद. समुद्रतळाच्या चिखलात लाखो वर्षे घट्ट होत होत ते बनले. मला मात्र ओटागो द्वीपकल्पावरचा अल्बट्रॉस जास्त आवडला. याचे पसरलेले पंख तीन मीटर भरतात. म्हणजे आपल्या वर्गाचा फळा पुरणार नाही! पूर्वी त्याची अंडी लोक पळवत, कुत्री खात. लान्स रिचडेल नावाचे एक गुरुजी खेड्यापाड्यांच्या शाळांतून फिरून शेतीचे धडे शिकवत. त्यांनी तिथे मुक्काम ठोकून एका पिल्लाची राखण केली, आणि १९३८ मध्ये ते पिल्लू सुखरूप समुद्रावर उडाले. आज तिथे अल्बट्रॉसची मोठी वसाहत आहे.

ओमारू गावात निळे छोटे पेंग्विन अंधार पडल्यावर समुद्रातून घरट्याकडे परततात. वजन जेमतेम एक किलो. ते रस्ता ओलांडतात, उभ्या गाड्यांखालीही शिरतात. म्हणून रात्री गाडी सुरू करण्याआधी माझ्या मामेबहिणी बॅटरी घेऊन खाली वाकून पाहत, आणि "नाही, कोणी नाही" असे ओरडल्यावरच मामा चावी फिरवत.