उंबऱ्यावरचं स्वस्तिक

गेली तीस वर्षं मी पुण्यात जर्मन शिकवते. भाषेबरोबर इतिहास येतोच, आणि दर वर्षी वर्गातलं कोणीतरी विचारतं, "मॅडम, हिटलरने स्वस्तिक का घेतलं? आपल्या शास्त्रांवर त्याचा विश्वास होता का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत कुतूहल असतं आणि थोडा अभिमानही. या प्रश्नाचं खरं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते क्रमाने मांडते.

१. अभिमान वाटायला लावणारी गोष्ट दुप्पट तपासावी.

सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा वर्गात सांगायचे, की नाझींना संस्कृतबद्दल केवढा आदर होता! मुलं खूश व्हायची आणि मलाही बरं वाटायचं. मग वाल्टर वुस्टबद्दल वाचलं. हा म्युनिकचा संस्कृतचा प्राध्यापक. नाझी नेता हिमलर याने १९३५ मध्ये 'अह्नेनएर्बे', म्हणजे 'पूर्वजांचा वारसा', नावाची संस्था काढली. आर्य वंशाचं श्रेष्ठत्व पुराव्याने सिद्ध करणं हे तिचं काम, आणि वुस्ट तिच्या प्रमुखांपैकी एक. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिक विद्यापीठात हान्स आणि सोफी शोल या भावंडांना युद्धविरोधी पत्रकं वाटताना पकडून गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, ताब्यात देण्यात आलं. सोफी २१ वर्षांची होती. चौथ्या दिवशी दोघांचा शिरच्छेद झाला. त्या वेळी विद्यापीठाचा कुलगुरू होता हाच वुस्ट. वेद वाचलेला माणूस त्या राजवटीच्या सेवेत इतका रुजला होता. त्यानंतर 'आदर' हा शब्द मी वर्गात पुन्हा उच्चारला नाही. त्यांना संस्कृत हवं होतं ते वंशावळीला जोडायला.

२. चिन्हाने कोणाला आत घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवलं, ते पाहावं.

एका पाडव्याला आमच्याकडे एक वयस्क जर्मन बाई उतरल्या होत्या. सकाळी बाहेरून आल्या आणि उंबऱ्यापाशी थबकल्या. आईने नुकतंच कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. बाईंचा चेहरा पडला. आईने मला विचारलं, "काय गं, काही चुकलं का?" मी सगळं सांगितल्यावर ती जरा गप्प राहिली, मग म्हणाली, "त्यांना सांग, आमच्यात हे येणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून काढतात. कोणीही येवो." ते 'कोणीही येवो' जर्मनमध्ये सांगताना माझा आवाज कापला. कारण मला न्यूरेंबर्गचे कायदे आठवले. १५ सप्टेंबर १९३५ रोजी हाकेनक्रॉइत्साचा, म्हणजे नाझींच्या स्वस्तिकाचा, झेंडा जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला आणि त्याच दिवशी ज्यूंचं नागरिकत्व गेलं. तो झेंडा लावायचीही त्यांना मनाई झाली. आकार सारखा दिसला, तरी एक उंबऱ्यात बोलावतो आणि दुसरा घरातून हाकलतो.

३. माणसं घाबरली की भविष्याला भाव येतो.

लहानपणी आमच्या वाड्यात प्लँचेट चालायचं. पाटावर अक्षरं, मध्ये उपडी वाटी, तिच्यावर तीन बोटं. कोण बसायचं तिथे? गिरणी बंद पडून घरी बसलेले काका, मुलगा परागंदा झालेल्या काकू. चांगलं चाललेल्या घरातलं कोणी वाटी फिरवायला आल्याचं मला आठवत नाही. १९२९ च्या मंदीनंतरचं बर्लिन म्हणजे लाखो बेकारांचा असाच एक वाडा. तिथे एरिक यान हानुसेन नावाचा भविष्यवेत्ता गर्दी खेचत होता. त्याने हिटलरच्या उदयाची भाकितं केली आणि नाझी टोळ्यांच्या म्होरक्यांशी मैत्री जमवली. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चान्सेलर झाला आणि मार्च संपायच्या आत हानुसेनचा खून झाला. तो जन्माने ज्यू होता आणि त्याला फार काही माहीत होतं. सत्तेची पायरी चढेपर्यंतच त्याचा उपयोग होता.

४. बंदी आली म्हणजे विवेक आला, असं समजू नये.

१० मे १९४१ रोजी हिटलरचा उजवा हात रुडोल्फ हेस एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडला उडाला. नाचक्की झाली आणि दोष ज्योतिषांवर ढकलला गेला. जूनमध्ये देशभर ज्योतिषी, हस्तसामुद्रिकवाले, लोलकवाले यांची धरपकड झाली. त्यात कार्ल एर्न्स्ट क्राफ्टही सापडला. नॉस्त्राडेमसच्या भाकितांचा जर्मनीच्या बाजूने अर्थ लावायचं काम त्याच्याकडून याच सरकारने करून घेतलं होतं. तो १९४५ मध्ये कैदेतच मेला. आणि त्या धरपकडीच्या पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, जर्मन नौदल बर्लिनमध्ये लोलकवाल्यांना बसवून अटलांटिकच्या नकाशावर शत्रूची जहाजं शोधत होतं! आमच्या वाड्यातली वाटी आणि नौदलाचा लोलक यांत मला फरक दिसत नाही. त्या राजवटीचं भांडण अंधश्रद्धेशी नव्हतंच. भविष्य सांगायचा मक्ता तिला फक्त स्वतःकडे हवा होता.

५. अंधश्रद्धा प्रयोगशाळेतही राहते.

हा धडा मला पुण्यानेच दिला. हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. वंशांची प्रतवारी लावता येते, यावर फिशर यांची श्रद्धा होती. हो, श्रद्धाच म्हणायला हवं. युरोपीय माणसाची कवटी एका विशिष्ट प्रकारे विषम असते आणि त्यातून त्याची बुद्धी दिसते, असा त्यांचा कयास होता.

विशीतल्या इरावतीबाईंपुढे १४९ कवट्या ठेवल्या गेल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या. परका देश, परकी भाषा, हातात मोजमापाची हत्यारं, आणि पदवी ज्यांच्या सहीवर अवलंबून त्यांना कोणतं उत्तर हवं आहे तेही ठाऊक. बाईंनी एकेक कवटी मोजली आणि जे दिसलं ते लिहिलं : या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीत फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बाई तोवर मायदेशी परतल्या होत्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेज हीच त्यांची कर्मभूमी.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं मला कारण नाही. भारतात त्यांनीही जातिगटांच्या शरीरांची मापं घेतली. त्या कामाची आज चिकित्सा होते आणि ती व्हायलाच हवी. पण 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या माणसांना ज्या निर्भय नजरेने त्यांनी पाहिलं, ती नजर मला बर्लिनच्या त्या टेबलापाशीच दिसते. गुरू असो की ग्रंथ, आधी मोजायचं, मग मानायचं.

६. चाचणीला जागा आहे की नाही, ते पाहावं.

२००८ मध्ये पुण्यात एक साधा प्रयोग झाला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका मिळवल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगा म्हटलं. ५१ जण पुढे आले, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती.

मला निकालाहून त्यामागची रीत मोलाची वाटते. ज्योतिषांना तुरुंगात टाकलं नाही, दरबारातही बसवलं नाही. मानाने बोलावलं, विचारलं, मोजलं, आकडे छापले. हे बर्लिनमध्ये १९४१ साली होऊ शकलं नसतं, कारण तिथे कोणालाच, अगदी सरकारलाही, 'कशावरून?' असं विचारायची सोय उरली नव्हती.

७. धर्म दोन्ही बाजूंना सापडतो, आपण आपली बाजू ओळखावी.

जर्मनीत 'डॉइचे क्रिस्टन', म्हणजे 'जर्मन ख्रिस्ती', नावाच्या गटाने चर्चमध्ये नाझी झेंडे लावले. त्याच ख्रिस्ताचा पाद्री डीट्रिश बोनहोफर त्या राजवटीविरुद्ध उभा राहिला. गांधींकडे येऊन राहायची त्याची इच्छा होती आणि १९३४ मध्ये गांधींनी त्याला निमंत्रणही पाठवलं होतं. ते राहून गेलं. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिलं.

हे शिकवून झालं की मी कधी कधी मुलांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर नेते. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना तिथे गोळ्या घातल्या. देवाधर्माला आपला विरोध नाही, देवाधर्माच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे ते जन्मभर सांगत राहिले. चार दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने या खुनाबद्दल दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं. प्रार्थना समाजाचा हा ईश्वरभक्त, ज्याने अस्पृश्यता मोडायला आयुष्य घातलं. पलीकडे देऊळ, खाली मुठा, आणि मधे ही दोन नावं. मुलं तिथे आपोआप हळू बोलतात.

आईनंतर पाडव्याचं स्वस्तिक आता मी काढते. तो जुना प्रश्न आला, की मी आधी मुलांना विचारते, "हे तुला कोणी सांगितलं? आणि त्याने ते कसं तपासलं?" मग खडू पुढे करते आणि वर्गातल्या प्रत्येकाला फळ्यावर हाच प्रश्न जर्मनमध्ये लिहायला लावते. तीस वर्षांत मी शिकवलेल्या वाक्यांपैकी एखादंच लक्षात राहणार असेल, तर ते हे राहावं.