‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’

वेब अ‍ॅप्लिकेशन शिकणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य पहिल्या वर्षात हमखास येतं. ते खोटंही नसतं. लॅपटॉपवर चालतंच. तिथे ब्राउझर, सर्व्हर आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतात, नेट अडखळत नाही, वापरणारं माणूस एकटंच असतं आणि कुठलं बटण कधी दाबायचं हे त्याला पाठ असतं. अ‍ॅप्लिकेशन लोकांच्या हातात गेलं की यातलं काहीच उरत नाही. हे मला ज्या कामातून कळलं ते इथे सविस्तर सांगते, कारण आज शिकायला बसलेल्या मुलामुलींना याबद्दल फार उशिरा कुणीतरी सांगतं.

पुण्यातल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या अभ्यासिका आहेत. अशाच एका अभ्यासिकेसाठी कुणीतरी जागा आरक्षित करण्याचं अ‍ॅप्लिकेशन बनवून दिलं होतं. बनवणारा पुढे दुसऱ्या नोकरीत गेला आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा या क्षेत्रात अगदी नवी होते. अ‍ॅप्लिकेशन दिसायला देखणं होतं. हॉलचा नकाशा यायचा, मोकळ्या जागा हिरव्या, भरलेल्या लाल, बोट लावलं की रंग बदलायचा. रिअ‍ॅक्टमध्ये लिहिलेला तो भाग मला आजही नीटनेटका वाटतो. तक्रारी मात्र रोज येत होत्या.

पहिली तक्रार अशी, की एकाच जागेवर दोन मुलं येऊन उभी राहायची आणि दोघांच्याही मोबाइलवर ‘तुमची जागा निश्चित झाली’ असा संदेश असायचा. दुसऱ्या दिवशीच्या जागा रात्री ठरावीक वेळी खुल्या व्हायच्या आणि सगळे एकदम तुटून पडायचे. पंख्याखालची, खिडकीजवळची जागा प्रत्येकालाच हवी. कोड उघडला तर सर्व्हर आधी डेटाबेसला विचारत होता, ही जागा कुणी घेतली आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं की पुढच्या ओळीत नोंद करत होता. वाचताना यात काही वावगं दिसत नाही. पण विचारणं आणि नोंदवणं यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. मिलिसेकंदांचा का असेना, जातो. तेवढ्यात दुसऱ्या मुलाची रिक्वेस्ट तोच प्रश्न विचारते आणि तिलाही ‘नाही’ हेच उत्तर मिळतं, कारण पहिली नोंद अजून झालेलीच नसते. मग दोन्ही नोंदी होतात. एकट्याने लॅपटॉपवर कितीही वेळा तपासलं तरी हे दिसणार नाही.

याला रेस कंडिशन म्हणतात आणि नवशिक्याच्या अभ्यासक्रमात ती सहसा नसते. माझ्या मते ती पहिल्या महिन्यात शिकवायला हवी. ब्राउझरमध्ये बटण बंद करून ती जात नाही, कारण बटणं दोन वेगळ्या मोबाइलवर आहेत. दोन्ही ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळल्या की प्रश्न मिटला असंही पुष्कळ जण समजतात. डेटाबेसच्या नेहमीच्या मांडणीत तेवढ्याने तो मिटत नाही. खात्रीचा आणि साधा उपाय डेटाबेसच्या टेबलातच करता येतो. जागेचा क्रमांक, तारीख आणि दिवसातलं सत्र या तिघांवर मिळून युनिक निर्बंध घालायचा. मग रिक्वेस्ट कितीही येवोत, पहिली नोंद आत जाते आणि बाकीच्यांना डेटाबेस स्वतःच नकार देतो. तो नकार पकडून ‘ही जागा नुकतीच गेली, दुसरी निवडा’ असं मुलाला सांगणं एवढंच आपलं काम उरतं. नियम जितका महत्त्वाचा तितका तो डेटाबेसच्या जवळ ठेवायचा, हे मी तिथे शिकले. तेव्हापासून कुठलंही नवं काम मी टेबलं कागदावर काढून सुरू करते. पडदा नंतर.

दुसरी तक्रार तारखेची होती. पहाटे पाचला येणारी मुलं सांगायची, की अ‍ॅप्लिकेशनमध्ये हजेरी लावली तर ती कालच्या तारखेला लागते. दिवसभर येणाऱ्यांना हा त्रास नव्हता, त्यामुळे मुलांचाच काहीतरी घोळ असेल असं अभ्यासिकेत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. घोळ मुलांचा नव्हता. सर्व्हर यूटीसी वेळेवर चालत होता आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक हजेरी म्हणूनच आदल्या दिवसात जात होती. वेळ यूटीसीत साठवणं योग्यच आहे. ‘आजची तारीख कोणती’ हे ठरवताना मात्र ती भारतीय वेळेत आणून मगच तारीख काढायला हवी. तपासणी करणारी सगळी माणसं दुपारी काम करत असतील तर ही चूक महिनोन्महिने लपून राहते.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून आलीच नाही, आणि तीच सगळ्यात गंभीर होती. वसईच्या एका मुलीचं नाव नोंदवता येत नव्हतं. तिचं आडनाव इंग्रजीत ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर दिलेलं स्वल्पविरामासारखं चिन्ह, देऊन लिहिलं जातं. ते चिन्ह टाकलं की सर्व्हर ५०० क्रमांकाची चूक दाखवायचा. अभ्यासिकेतल्या दादांनी चिन्ह गाळून नाव लिहायला सांगितलं आणि विषय संपवला. पण एका चिन्हाने सर्व्हर पडत असेल, तर वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर थेट एसक्यूएल क्वेरीत चिकटवला जातोय असं समजावं. एखाद्याच्या आडनावाने क्वेरी मोडते, तर वाईट हेतूने लिहिलेल्या मजकुराने ती हवी तशी वळवताही येते. म्हणजे सगळ्यांची माहिती वाचता येते, पुसताही येते. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय जुना आणि सोपा आहे. क्वेरीत मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या आणि मूल्यं वेगळी पाठवायची. त्याला पॅरामीटराइज्ड क्वेरी म्हणतात आणि प्रत्येक भाषेत त्याची सोय असते. नवशिक्यांनी क्वेरी लिहिण्याची दुसरी पद्धत शिकूच नये असं मला मनापासून वाटतं.

त्याच शोधात आणखी दोन गोष्टी सापडल्या. फीची रक्कम ब्राउझरकडून येत होती आणि सर्व्हर तीच खरी धरत होता. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडून ती रक्कम कुणालाही बदलता येते, त्याला हॅकर असावं लागत नाही. दुसरी गोष्ट अशी, की आपली पावती बघताना पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा आकडा एकाने वाढवला, तर पुढच्या मुलाची पावती उघडत होती आणि तिच्यासोबत आधार कार्डाचा फोटोही. लॉगिन केलं आहे का हे सर्व्हर तपासत होता. ही पावती याच मुलाची आहे का, हे मात्र विचारत नव्हता. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०२१च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातल्या अशा त्रुटींना पहिला क्रमांक दिला आहे, इतक्या त्या सर्रास आढळतात. आधारचे फोटो आम्ही काढूनच टाकले. अभ्यासिकेला त्यांचा काही उपयोग नव्हता. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी जी माहिती लागत नाही ती मागायची कशाला? घरापासून लांब येऊन राहिलेल्या मुलामुलींची ती कागदपत्रं होती.

हे सगळं बघताना माझ्या लक्षात आलं, की ज्याने हे बनवलं त्याला काही येत नव्हतं असं मुळीच नाही. पडद्यावरचं त्याला उत्तम येत होतं. त्याला बहुधा माझ्यासारखंच शिकवलं गेलं असावं. मी शिकले त्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात फ्रेमवर्क सुरू झालं होतं. एचटीटीपी म्हणजे काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मुलाखतीपुरतं पाठ करून आमचं भागलं.

म्हणून माझं सांगणं असं. सुरुवातीला कुठलंही फ्रेमवर्क घेऊ नका. साधा एचटीएमएल फॉर्म, तो स्वीकारणारा छोटा सर्व्हर आणि एक डेटाबेस, एवढंच जोडा. सर्व्हर पायथॉनमध्ये लिहा, पीएचपीमध्ये लिहा की नोडमध्ये, पहिल्या सहा महिन्यांत त्याने फारसा फरक पडत नाही. फॉर्म भरा, पान पूर्ण बदलू द्या, आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बघा, काय गेलं, काय आलं, कुठला क्रमांक मिळाला. २००, ३०२, ४०३, ४०४ आणि ५०० हे क्रमांक दिसताच अर्थ कळायला हवा.

तिथेच कुकीही समजून घ्या. एचटीटीपीत प्रत्येक रिक्वेस्ट सुटी असते, मागच्या रिक्वेस्टचं सर्व्हरला स्मरण नसतं. सरकारी दवाखान्यात दर खेपेला आपला केसपेपर आपणच खिडकीशी न्यावा लागतो, तसा ब्राउझर दर वेळी कुकी सोबत नेतो. नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ही सोय केली. लॉगिन म्हणजे नेमकं काय घडतं, हे कुकीपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही, आणि ते न कळता लॉगिनचा कोड कुठूनतरी आणून बसवणं मला धोक्याचं वाटतं.

मग पान न बदलता माहिती आणायला शिका. या पद्धतीला अ‍ॅजॅक्स हे नाव जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये दिलं; जीमेल आणि गूगल मॅप्समुळे लोकांना तोवर तिची ताकद दिसू लागली होती. इथे नवशिक्यांना एक गोष्ट जाणवत नाही. पान बदलत असताना काहीतरी चाललंय हे ब्राउझर स्वतः दाखवायचा. आता ते आपल्याला दाखवावं लागतं. रिक्वेस्ट गेली आहे, उत्तर यायचं आहे, उत्तर आलंच नाही, उत्तर नकाराचं आलं, या प्रत्येक अवस्थेत पडद्यावर काय असेल हे आधी ठरवा. नाहीतर रेंज धड नसलेल्या गावातून फी भरणारा मुलगा काहीच हलत नाही म्हणून बटण पुन्हा दाबतो आणि फी दोनदा जाते. म्हणून फी भरण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला एक वेगळी खूण द्यायची आणि तीच खूण पुन्हा आली तर सर्व्हरने नवी नोंद करायची नाही. बटण बंद करणं हे वापरणाऱ्याच्या सोयीसाठी, खूण तपासणं त्याच्या पैशांसाठी.

हे जमल्यावर फ्रेमवर्क घ्या, खुशाल घ्या. जेक्वेरी २००६ मध्ये आलं, अँग्युलरजेएस २०१० मध्ये, रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये. त्यातल्या अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ संपता संपता थांबलासुद्धा. एसक्यूएलचा उगम १९७४ चा आणि ते अजून रोज लागतं. शिकायचा वेळ कुठे घालायचा, हे यावरून ज्याचं त्याला ठरवता येईल. संदर्भासाठी मोझिलाने सुरू केलेलं एमडीएन फुकट आहे आणि नवशिक्यांच्या हातातल्या बहुतेक व्हिडिओंपेक्षा नेमकं आहे.

हल्ली एआयकडून कोड लिहून घेता येतो. मीही घेते. पण जागा आरक्षित करण्याचा कोड मागितला तर ‘आधी विचारा, मग नोंदवा’ हीच पद्धत पुन्हा समोर येऊ शकते, आणि ती ओळखायला तुम्हालाच यावं लागेल. जी ओळ समजावून सांगता येत नाही ती आपल्या कामात ठेवू नका.

पहिलं काम खऱ्या माणसासाठी करा, मग ते कितीही लहान असो. सोसायटीची पाण्याच्या टँकरची नोंद, मंडळाची वर्गणी, आत्याच्या डब्यांच्या ऑर्डरी, काहीही चालेल. देण्याआधी दोन वेगळे ब्राउझर उघडून एकच गोष्ट एकाच वेळी दोघांत करून बघा. डेव्हलपर टूल्समध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करा. नावात अपॉस्ट्रॉफी टाका, देवनागरी टाका, रकाना मोकळा सोडा. दुसऱ्याच्या पावतीचा आकडा पत्त्यात घालून पाहा. घड्याळ पहाटेच्या पाचवर नेऊन तारीख तपासा. कमी किमतीच्या मोबाइलवर, उन्हात उभं राहून, ज्याने ते अ‍ॅप्लिकेशन कधी पाहिलेलं नाही त्याच्या हातात द्या आणि तो अडेल तेव्हा बोलू नका, फक्त कुठे अडला ते लिहून घ्या. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहून गिटवर चढवला नाही ना, हे पाहा. चढवला असेल तर नुसती ओळ खोडून भागत नाही, इतिहासात ती राहते, म्हणून पासवर्डच बदला. आणि रोजचा बॅकअप लावला असेल, तर तो एकदा रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून सगळ्या नोंदी परत दिसतात का, हे पैसे घेण्याआधी तपासा.