कास्तिया : रेआल माद्रिदचा धाकटा संघ

स्पेन हा युरोप खंडातील एक देश आहे. नकाशात फ्रान्सच्या खाली डाव्या हाताला बघा, सापडेल. माद्रिद ही त्याची राजधानी. तेथील लोकांना फुटबॉलचे फार वेड आहे. रेआल माद्रिद हा तेथील नामांकित क्लब. हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल, बाजारातल्या बनियनवरसुद्धा छापलेले असते. पण त्या क्लबला एक धाकटा संघ आहे, हे आमच्या चौथीच्या वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचे नाव कास्तिया. कास्तिया हे स्पेनमधल्या एका जुन्या प्रदेशाचे नाव आहे.

धाकटा संघ कशाला लागतो? आपल्याकडे कांदा करतात ना, तसंच आहे. आधी वाफ्यात रोप टाकायचं, मग त्यातलं जोमदार रोप उपटून रानात लावायचं. कास्तिया म्हणजे वाफा आणि मोठा संघ म्हणजे रान. क्लबवाले लहानपणीच पोरं निवडतात आणि वयाप्रमाणे त्यांचे गट करतात. सर्वांत वरचा गट कास्तिया. तिथे जो चांगला निघेल तो मोठ्या संघात जातो.

आता गंमत अशी, की कास्तियाचे सामने नुसते पोरांशी होत नाहीत. स्पेनमध्ये शाळेच्या इयत्तांसारख्या संघांच्या श्रेणी असतात. कास्तिया खालच्या श्रेणीत खेळतो, पण समोर मोठी बाप्येमाणसं असतात. शिवाय चांगलं रोप झालं की ते उपटून नेतातच. दर वर्षी आपले चांगले गडी देऊन टाकायचे आणि तरी जिंकायचे, हे मला फार अवघड वाटते.

पूर्वी हा संघ प्लुस उल्त्रा नावाने खेळत असे. १९७२ साली त्याचे कास्तिया झाले. १९७९-८० साली हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. त्या वर्षी तो राजाच्या चषकाच्या स्पर्धेत उतरला. या स्पर्धेत लहानमोठे सगळे संघ असतात. कास्तियाच्या पोरांनी पहिल्या श्रेणीतल्या एर्कुलेसला हरवले, बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिकला हरवले. मग रेआल सोसिएदादला आणि शेवटी खिखोनच्या स्पोर्टिंगला. त्या वर्षी पहिल्या श्रेणीत सोसिएदाद दुसरा आला होता आणि स्पोर्टिंग तिसरा, म्हणजे हे काही लिंबूटिंबू संघ नव्हते. आणि अंतिम सामन्यात समोर कोण? त्यांचाच मोठा संघ, रेआल माद्रिद!

हा सामना ४ जून १९८० रोजी माद्रिदच्या सांतियागो बेर्नाबेउ मैदानावर झाला. मैदान रेआल माद्रिदचेच. दोन्ही संघ एकाच घरचे, मग लोकांनी ओरडायचं तरी कोणाच्या बाजूने? रेआल माद्रिदने ६-१ ने सामना जिंकला. माझा दादा सातवीत आहे. कबड्डीत त्याने मला धरलं की सुटका नाही, आणि धाकटा म्हणून तो कधी सोडतही नाही. म्हणून मला त्या पोरांचं लगेच समजलं. पण कास्तियाचा तो एक गोल रिकार्दो आल्वारेसने केला, तोही लिहून ठेवला पाहिजे. मोठ्या संघाकडून गोल करणाऱ्यांत देल बोस्के होते. पुढे १९८७ ते १९९० ते कास्तियाचेच प्रशिक्षक झाले, आणि २०१० साली स्पेनने विश्वचषक जिंकला तेव्हा देशाच्या संघाचे प्रशिक्षक तेच.

रेआल माद्रिदने त्या वर्षी लीगही जिंकली होती. त्यामुळे चषकविजेत्यांच्या युरोपातील स्पर्धेची जागा हरलेल्या कास्तियाला मिळाली. त्यांची गाठ लंडनच्या वेस्ट हॅमशी पडली. माद्रिदमध्ये कास्तियाने ३-१ ने जिंकले. तेथे वेस्ट हॅमच्या काही लोकांनी दंगा केला, म्हणून लंडनचा सामना प्रेक्षकांविना ठेवला. एवढ्या मोठ्या मैदानात फक्त २६२ माणसं होती. वेळ संपली तेव्हा वेस्ट हॅम ३-१ ने पुढे होता. आता बेरीज करा. दोघांचे चार-चार झाले. मग जादा वेळ दिला, त्यात वेस्ट हॅमने आणखी दोन गोल केले आणि कास्तियाचा खेळ आटोपला.

मला जास्त वाईट वाटते ते १९८३-८४ चे. त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत कास्तिया पहिला आला. दुसरा आला तो बिल्बाओचा धाकटा संघ. त्या काळी पहिले तीन संघ वरच्या श्रेणीत जात. पण नियम असा, की धाकट्या संघाने मोठ्या संघाच्या श्रेणीत यायचे नाही. म्हणून पहिले दोघे होते तेथेच राहिले आणि तिसरा, चौथा, पाचवा वर गेले! म्हणजे परीक्षेत पहिला नंबर आला तरी त्याच वर्गात बसायचं.

यावर आमच्या वर्गात भांडणच झालं. एक मुलगा म्हणाला, नियम बरोबर आहे. दोन्ही संघ एकाच श्रेणीत असले, आणि मोठ्याला गुण कमी पडत असले, तर धाकटा मुद्दाम हरेल. हे मला पटले. तरी वर्षभर धावून पहिले आलेल्या पोरांचं काय, याचं उत्तर त्याने दिलं नाही.

त्यातली काही पोरं मात्र स्वतः वर गेली. पाच जण फार गाजले: बुत्रागेन्यो, सांचिस, मार्तिन वास्केस, मिचेल आणि पार्देसा. बुत्रागेन्योला ‘बुइत्रे’ म्हणत, म्हणजे गिधाड. म्हणून या पाचांना १९८३ साली एका वर्तमानपत्राने गिधाडाची तुकडी असे नाव दिले. आम्ही कोणाला गिधाड म्हटलं तर मार बसेल, तिथे ते कौतुकाने म्हणतात. ५ फेब्रुवारी १९८४ रोजी काडिझ येथे रेआल माद्रिद २-० ने मागे होता. प्रशिक्षक आल्फ्रेदो दि स्तेफानो यांनी वीस वर्षांच्या बुत्रागेन्योला प्रथमच मैदानात उतरवले. त्याने दोन गोल केले आणि सामना ३-२ असा जिंकला. नंतर १९८६ पासून १९९० पर्यंत रेआल माद्रिदने सलग पाच वेळा लीग जिंकली.

पार्देसाला तेथे फारशी जागा मिळाली नाही. तो सारागोसा शहराच्या संघात गेला. १९९५ साली त्या संघाने चषकविजेत्यांची युरोपातील स्पर्धा जिंकली तेव्हा पार्देसा कर्णधार होता. ही तीच स्पर्धा, जिच्यात १९८० साली कास्तिया वेस्ट हॅमकडून हरला होता.

१९९० पासून धाकट्या संघांना राजाच्या चषकात घेत नाहीत. त्यामुळे अंतिम सामन्यात थोरला आणि धाकटा आता समोरासमोर येऊ शकत नाहीत. कास्तिया अजून खेळतो. २००६ साली वाल्देबेबास येथे त्याच्यासाठी मैदान झाले. त्याला आल्फ्रेदो दि स्तेफानो यांचे नाव आहे, ज्यांनी त्या दिवशी बुत्रागेन्योला उतरवले तेच हे. तेथे सहा हजार माणसे बसतात.