हृदयाची नवी झडप

मुलांनो, सातारा-सांगलीकडे कृष्णेचे पाणी पंपाने शेतात नेतात. पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर येऊ देतो, मागे जाऊ देत नाही. आपल्या हृदयातही रक्तासाठी अशाच चार झडपा आहेत. म्हातारपणी एखादी झडप कडक होते. मग चालताना धाप लागते, चक्कर येते. पूर्वी छाती उघडूनच झडप बदलत. अशक्त वृद्धांना ते सोसणारे नसे. डॉक्टरांचाही नाइलाज होई.

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये डॉ. आलँ क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली. नळीतून मिटलेली झडप गेली. फुगा फुगवताच ती जुन्या झडपेच्या आतच उघडली! आता भारतातही असे उपचार होतात. खर्च मात्र अजून कित्येक लाख रुपये येतो.