वचनाच्या डोक्यावर उच्चाराची खूण



वचन हे डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मुखाने म्हणण्यासाठी आहे. मूळ वचने कन्नडमधील. ती देवनागरीत छापली की कन्नड लिपी न येणाऱ्यालाही म्हणता येतील, असे आपण धरून चालतो. लिपीबरोबर उच्चारही येतो का, याचा या पाठात विचार करू.

समजा, सोलापूरकडील एक कुटुंब भोपाळच्या अरेरा कॉलोनीत स्थायिक झाले आहे. आजीला वचने मुखोद्गत आहेत. नातू देवनागरी शिकला तो हिंदी शाळेत. महात्मा बसवेश्वरांचे ‘कूडलसंगमदेव’ हे अंकितनाम तो ‘कूडल्-संगम्-देव्’ असे वाचील. हिंदीत व मराठीतही शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गळतो. कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारतात. दोष नातवाचा नाही. कागदावर खूणच नाही.

दुसरी अडचण ‘ए’ आणि ‘ओ’ यांची. कन्नडमध्ये हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे वेगळे आहेत. ‘बॆळॆ’ म्हणजे पीक, ‘बेळॆ’ म्हणजे डाळ. ‘कॊडु’ म्हणजे दे, ‘कोडु’ म्हणजे शिंग. अक्कमहादेवींच्या ‘चॆन्नमल्लिकार्जुन’मधला ‘ए’ ऱ्हस्व, अल्लमप्रभूंच्या ‘गुहेश्वर’मधला दीर्घ. आपल्या नेहमीच्या छपाईत दोन्हींना एकच मात्रा पडते.

येथे संगणक उपयोगी पडतो. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे आणि भारतीय लिप्यांची मांडणी समांतर आहे. कन्नड ‘क’ ३२२१, देवनागरी ‘क’ २३२५, अंतर ८९६. बहुतेक अक्षरांत हेच अंतर राहते. म्हणून प्रत्येक क्रमांकातून ८९६ वजा करणारी लहानशी आज्ञावली सबंध ग्रंथ क्षणात देवनागरीत आणते, ऱ्हस्व मात्रेसह. दुसऱ्या नियमाने शब्द अक्षरश: सुटा करून ‘कू-ड-ल-सं-ग-म-दे-व’ असा बारीक टाइपात मूळ शब्दाच्या डोक्यावर बसवावा. जपानी पुस्तकांत चित्राक्षरांजवळ असाच उच्चार छापतात. त्यास फुरिगाना म्हणतात.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सुरुवात कन्नड प्रतीवरून करावी. देवनागरीत आधीच छापलेल्या पुस्तकात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसलेला असतो. जे कागदावर नाही ते यंत्र कोठून आणणार? दुसरी, नियमाला अपवाद असतात. जुन्या कन्नडमधील ‘ऴ’ या अक्षरातून ८९६ वजा केल्यास ‘ऴ’ न येता ‘फ़’ येतो! युनिकोडच्या यादीत त्या अक्षराचे नावच चुकीचे पडले आहे. अशा अक्षरांची वेगळी यादी आज्ञावलीस द्यावी लागते.

यंत्र कंटाळत नाही, पण त्याला कानही नाहीत. म्हणून तयार झालेले पान शेवटी आजीपुढे ठेवावे. नातवाने खुणांवरून म्हणावे, आजीने ऐकावे आणि चुकेल तेथे थांबवावे. ऐकणारे माणूस घरात आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे. पुढे खुणा राहतील, पण त्या बरोबर आहेत हे सांगणारे कोणी नसेल.

स्वाध्याय : आपल्या नित्यपाठातील एक वचन घ्या. त्यातील प्रत्येक ‘ए’ व ‘ओ’ ऱ्हस्व की दीर्घ, हे कन्नड जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारून खूण करा. मग तेच वचन मोठ्याने म्हणून पाहा.