एका दिवसात चौदाशे मृत्यू?

प्रश्न : करोनाकाळात मी रोजचे सरकारी आकडे वहीत टिपत असे. जून २०२०मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी चौदाशेहून अधिक मृत्यूंची नोंद दिसते. त्या दिवशी नेमके काय घडले? या वहीचा आता काही उपयोग आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्या एका दिवसात इतकी माणसे दगावली नव्हती. १६ जून २०२० रोजी नोंदवलेल्या १,४०९ मृत्यूंपैकी १,३२८ आधीच्या काळातले होते. त्यांतले ८६२ मुंबईतले. नोंदींची जुळवणी झाल्यावर ते यादीत आले. आकडा जाहीर होण्याची तारीख आणि मृत्यूची तारीख वेगळी असते, एवढे लक्षात घेतले की हा कोडे वाटणारा सुळका उलगडतो.

बाधितांची संख्याही अपुरीच असते, कारण ती चाचण्यांवर अवलंबून असते. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. म्हणजेच नोंदलेल्या रुग्णांपेक्षा संसर्ग कितीतरी अधिक पसरला होता.

वही मात्र जपून ठेवा. तिच्यातून कल नक्की कळेल. सुट्टीच्या दिवशी चाचण्या घटतात, म्हणून सात दिवसांची सरासरी काढा. शेकडा किती चाचण्यांत संसर्ग आढळला, हेही शेजारी लिहा. दोन जिल्ह्यांची तुलना दर लाख लोकसंख्येमागे करा. जूनमधल्या त्या नोंदीपुढे ‘जुने मृत्यू समाविष्ट’ अशी टीप जोडा.